टँकरच्या आधीचा हिशेब



मार्च महिना लागला की मंडळ्यांमधून एक प्रश्न हमखास येतो: "यंदा पाड्यांवर किती टँकर पाठवायचे?" प्रश्न कळकळीचा असतो. मात्र तो सहा महिने उशिरा विचारलेला असतो. ते कसे, हे या लेखात पाहू.

पालघर जिल्ह्यातील मोखाडा आणि जव्हार हे तालुके पाहा. येथे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली काळा कातळ आहे आणि जमीन उताराची, म्हणून पाणी मुरण्याआधीच दरीत उतरते. त्याच वैतरणेवर मोडकसागर (१९५७) आणि मोखाड्यातील कोचाळे गावाजवळचे मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते. पाणी दरीत आणि पाडा डोंगरावर, अशी ही स्थिती आहे. येथे पाऊस कमी नाही. कमी पडते ती साठवण आणि पाणी वर चढवण्याची सोय.

प्रादेशिक योजना म्हणजे काय?

एका गावाची विहीर आटली की ते गाव अडते. म्हणून अनेक गावांसाठी धरणासारखा एकच खात्रीचा उद्भव घेतात. तेथून पाणी उपसून, शुद्ध करून, उंचावरच्या जलकुंभात चढवतात आणि तेथून नळाने गावोगाव सोडतात. याला प्रादेशिक नळपाणी पुरवठा योजना म्हणतात. फायदा मोठा आहे, पण सगळी गावे एकाच दोरीत बांधली जातात. वीजबिल थकून जोडणी तुटली, तर वेळेवर पैसे भरणाऱ्या गावाचेही नळ कोरडे पडतात. शेवटच्या टोकाच्या पाड्याला तर एरवीही पाणी सर्वांत शेवटी आणि कमी दाबाने मिळते. म्हणून आराखडा करताना तीन हिशेब आधी मांडावे लागतात.

पहिला, पाण्याचा. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. हजार वस्तीच्या गावाला रोज ५५,००० लिटर लागतात. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांसाठी ५५ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या साडेपाचशे खेपा! उद्भवाचे पाणी मोजायचे ते मे महिन्यात. ऑक्टोबरमध्ये भरलेली दिसणारी विहीर फसवते.

दुसरा, माणसांचा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे पाणी सर्वांत कमी असते तेव्हाच गाव भरलेले असते. हिवाळ्यातील रिकामी घरे पाहून गरज ठरवली, तर ती हमखास चुकते.

तिसरा, चालवण्याच्या खर्चाचा. ५५,००० लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, पंपाची घट धरून, रोज साधारण तीस युनिट वीज लागते. महिन्याला नऊशे युनिट. दोनशे घरांत वाटले तर घरामागे साडेचार युनिट. त्यात पंपचालकाचे मानधन आणि दुरुस्ती मिळवली, तरी पाणीपट्टी आवाक्यात ठेवता येते. अडचण रकमेपेक्षा वेळेची असते. घरात रोकड येते ती भात विकल्यावर किंवा भट्टीचा हिशेब मिळाल्यावर. पाणीपट्टीची वसुली त्या वेळी ठेवली, तर लोक भरतात.

पैसा कोठून येतो?

जलजीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. गावांतर्गत कामाच्या खर्चात लोकवाटा धरलेला आहे. आदिवासीबहुल गावांसाठी तो पाच टक्के, आणि तो श्रमदानानेही देता येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ३० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व जलसंधारणासाठी राखून ठेवली. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना राज्याकडून पाच टक्के अबंध निधीही मिळतो. तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभा ठरवते. आपली मागणी घेऊन स्त्रिया ग्रामसभेत बसल्या, तर हंड्याचा प्रश्न कागदावर येतो. पाणी समितीत निम्म्या जागा त्यांच्याच असाव्यात, असे मिशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मग आपल्या देणगीचे काम काय?

आपल्या दानातून धरण होणार नाही, आणि शासनाची जबाबदारी आपण उचलूही नये. पण मोठ्या योजना अनेकदा लहान गोष्टींवाचून बंद पडतात: जळालेली मोटार, फुटलेला व्हॉल्व्ह, पंप दुरुस्त करणारा माणूस गावात नसणे. दुरुस्तीसाठी गावाच्या नावे राखीव निधी, दोन तरुणांचे प्रशिक्षण, जुन्या विहिरीतील गाळ काढणे, झऱ्याभोवती बांधकाम, ही कामे आपल्या आवाक्यातली आहेत. तहानलेल्या पाड्याला टँकर द्यावाच लागतो, तो नाकारू नये. पण एक टँकर दुपारपर्यंत संपतो. दुरुस्त झालेला पंप पुढचे अनेक उन्हाळे पाणी देतो.

जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तीन टप्प्यांत मांडला जातो. विहिरींचा गाळ काढणे, नळयोजनांची विशेष दुरुस्ती, खाजगी विहिरी अधिग्रहित करणे, टँकर, हे सारे त्यात येते. आपल्या ओळखीच्या पाड्याचे नाव त्यात आहे का, हे ऑक्टोबरमध्येच ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारावे. आणि उन्हाळ्यासाठी राखलेले दान शक्य तर दिवाळीच्या आधी द्यावे. तेव्हा विहीर भरलेली असते, माणसे गावात असतात आणि कामाला हात मिळतात.