ट्रॅक नंबर चुकला, रामायण हुकलं!

पनवेल ते सीएसएमटी लोकल म्हणजे तासाभराहून जास्त प्रवास. कानात गाणी हवीतच! 2001मध्ये पहिला आयपॉड आला, तेव्हा 5 जीबीत हजार गाणी म्हणून धमाल उडाली होती. 2022मध्ये ॲपलने आयपॉड बंद केला. पण तेव्हा सीडीवरून उतरवलेल्या एमपीथ्री अनेकांच्या हार्डडिस्कवर अजून पडून आहेत. नाव काय? तर 'ट्रॅक 1'!

आता 'गीतरामायण' घ्या. 1955-56मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला नवं गाणं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, एकूण 56 गाणी, तीही कथेच्या क्रमाने. प्लेअरने ती अक्षरांप्रमाणे लावली की रामकथेचा पार घोळ! नुसते आकडे टाकले तरी काही प्लेअर 1नंतर थेट 10 वाजवतात. म्हणून नाव देताना 01, 02 असं लिहा. फाइलमधल्या आयडीथ्री टॅगमध्ये अल्बम, गायक आणि ट्रॅक नंबर भरा. गायकाचं स्पेलिंग एकच ठेवा, नाहीतर एकाच माणसाचे दोन गायक होतात.

'स्ट्रीमिंगवर सगळं मिळतं की!' मिळतं ना, पण कंपन्यांचा करार संपला की गाणं ॲपवरून गायब. आणि आजोबांच्या भजनाची घरगुती कॅसेट? ती कुठल्याच ॲपवर नसते. तेव्हा येत्या रविवारी ती कम्प्युटरवर उतरवा, नीट नाव द्या आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी ठेवा. डिस्क काही सांगून बंद पडत नाही, बॉस!