हातापायांचा मेळ बसत नाही? ताई ची शिकतानाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात कोकणातल्या धामापुरात चालणे हीच तोलाची परीक्षा असते. शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, शेताची निसरडी मेर, उताराची पाखाडी, सगळीकडे पाऊल जपून टाकावे लागते. साठी ओलांडलेल्या माणसाला पडण्याची धास्ती वाटते, ती उगीच नाही. तोल सुधारावा म्हणून कुणी ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार शिकायला घेतो आणि पहिल्याच आठवड्यात अडतो. पाय बरोबर पडला तर हात विसरतो, हात आठवला तर भार भलत्याच पायावर राहतो. चिडचिड होते, ‘हे आपल्या अंगातच नाही’ असे ठरते आणि सराव सुटतो. अशा वेळी दोष शरीरात नसतो, शिकण्याविषयीच्या समजुतींत असतो. त्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : हातापायांचा मेळ जन्मजात असतो. तो नसेल तर ताई ची जमणार नाही.

वस्तुस्थिती : खुर्चीवर बसून उजवे पाऊल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा आणि त्याच वेळी उजव्या हाताने हवेत इंग्रजी सहाचा आकडा काढा. बहुतेकांचे पाऊल लगेच उलटे फिरू लागते. हातपाय एकाच लयीत आणि एकाच दिशेने चालवण्याकडे मेंदूचा ओढा असतो. स्कॉट केल्सो या संशोधकाने १९८० च्या दशकात दोन्ही हातांच्या बोटांवर हेच तपासले. उलटसुलट चाललेली बोटे वेग वाढवला की आपोआप एकसारखी हलू लागत. त्यामुळे ताई चीत गोंधळ होणे हे सगळ्यांच्या मेंदूचे साधे वागणे आहे. वेग कमी ठेवला की हा जुना ओढा मोडायला अवसर मिळतो.

आपल्याकडच्या दशावतारातही युद्धनृत्यात पखवाजावर पाऊल, हातात तलवार आणि तोंडाने संवाद, हे सारे एकाच वेळी सांभाळायचे असते. हा मेळ कुणी पाळण्यातून घेऊन येत नाही. कंपनीत राहून, जाणत्या नटांना पाहत, जत्रांमागून जत्रा करत तो अंगी मुरतो.

गैरसमज २ : इतक्या संथ हालचाली सोप्याच असणार.

वस्तुस्थिती : भरभर चालताना शरीराची गती आपल्याला पुढे नेते आणि एका पायावरचा काळ क्षणभराचा असतो. संथ हालचालीत ती मदत मिळत नाही. गुडघा किंचित वाकलेला ठेवून सारा भार एका पायावर तोलायचा आणि दुसरा पाय सावकाश पुढे न्यायचा. मांडीच्या स्नायूंना, घोट्याला आणि तोल सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेला यात मोठे काम पडते. मांड्या थरथरल्या तर हे काम चालू आहे असे समजावे. बैठक उंच ठेवा. गुडघा पावलाच्या बोटांपुढे आणि आत झुकू देऊ नका. गुडघ्यात कळ आली तर मात्र थांबा.

गैरसमज ३ : गुरुजी करतात तसे हात, पाय, मान, नजर सगळे एकदम करायचे.

वस्तुस्थिती : एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरता येतात, असे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. ताई चीच्या एका हालचालीत त्याहून जास्त गोष्टी असतात. म्हणून थर लावत शिकावे. आधी हात कमरेवर ठेवून फक्त पावले आणि भार कुठून कुठे जातो ते. ते न पाहता जमू लागले की कंबरेचा वळसा. हात शेवटी. यांग परंपरेचे गुरू यांग चेंगफू यांच्या प्रसिद्ध दहा सूत्रांतही कोणता पाय भरलेला आणि कोणता रिकामा हे ओळखण्यावर भर आहे. भार कुठे आहे हे कळले की हातांचा अर्धा गोंधळ मिटतो.

गावात राहून शिकणाऱ्याचा पहिला गुरू बहुधा मोबाइलवरचा व्हिडिओ असतो. त्यातला शिक्षक तोंड आपल्याकडे करून उभा असेल तर त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो आणि डोके गरगरते. पाठमोऱ्या शिक्षकाचा व्हिडिओ निवडा. वर्गात शिकत असाल तर मधल्या रांगेत उभे राहा, म्हणजे कोणत्याही दिशेला वळलात तरी समोर कुणीतरी दिसेल.

गैरसमज ४ : काल जमले होते, आज जमत नाही. म्हणजे मी मागे गेलो.

वस्तुस्थिती : सरावाच्या वेळी दिसणारी सफाई आणि खरे शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या तीन हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली आणि मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने तिन्ही आलटूनपालटून केल्या. सरावात पहिला गट सरस दिसला. पण दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत दुसऱ्या गटाच्या लक्षात जास्त राहिले होते. म्हणजे अडखळत केलेला सरावही आत काहीतरी रुजवत असतो.

शिकणे सराव संपल्यावरही चालू राहते. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या प्रयोगात लोकांना बोटांचा ठरावीक क्रम शिकवला होता. रात्रीच्या झोपेनंतर, मधे जराही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. म्हणून चिडचिड वाढली की तासभर झगडू नये. दहा-पंधरा मिनिटे करून थांबावे, नीट झोपावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहावे.

गैरसमज ५ : प्रत्येक सांध्यावर बारीक लक्ष ठेवले की चुका होत नाहीत.

वस्तुस्थिती : शरीराच्या भागांवर पहारा ठेवला की हालचाल आखडते. गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर लोकांना डोलायला शिकवले. काहींना आपल्या पावलांकडे लक्ष द्यायला सांगितले, काहींना पावलांखालच्या फळीच्या चाकांवर पडणाऱ्या जोराकडे. दुसरे लोक अधिक चांगले शिकले. ताई चीत याचा उपयोग सोपा आहे. ‘गुडघा किती अंशांत?’ असे विचारण्याऐवजी ‘मी जमीन कोणत्या पायाने ढकलतो आहे?’ असे विचारावे. हात तळ्याच्या पाण्यातून सरकवल्यासारखे न्यावेत. शरीर बाकीचे बरेचसे आपोआप जुळवून घेते.

गैरसमज ६ : शंभरावर हालचालींचा लांब क्रम पाठ झाल्याशिवाय फायदा नाही.

वस्तुस्थिती : लांब क्रम आहेत, पण नवशिक्यांची अडचण खुद्द चीनमध्येही ओळखली गेली. तिथल्या सरकारी क्रीडा समितीने १९५६ मध्ये २४ हालचालींचा क्रम तयार केला. तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो आणि आज जगभर शिकवला जातो. वृद्धांसाठी फुझोंग ली यांनी बांधलेल्या कार्यक्रमाचा गाभा तर अवघ्या आठ हालचालींचा आहे. २०१८ मध्ये त्याची ६७० जणांवर चाचणी झाली. सगळे ७० वर्षांच्या पुढचे, आधी पडलेले किंवा चालायला त्रास असलेले. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे शिकल्यावर, नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची गटाचे पडणे ५८ टक्क्यांनी कमी झाले.

गैरसमज ७ : वय झाले, आता नवे काय शिकणार?

वस्तुस्थिती : वरची माणसे सत्तरीनंतरच शिकली. त्याआधी २०१२ मध्ये ली यांनीच पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर सहा महिन्यांचा अभ्यास केला होता. शरीराचा मेळच ज्यांच्यात आजाराने बिघडतो, त्या रुग्णांचाही तोल ताई चीने सुधारला. वयाने शिकण्याचा वेग कमी होतो, शिकणे थांबत नाही. चक्कर येत असेल, हाडे ठिसूळ असतील किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सुरुवातीला खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहा.

सुरुवात कशी करावी?

भगवती मंदिराशेजारचे १५३० च्या सुमारास बांधलेले धामापूरचे तळे सकाळच्या सरावाला मोह घालणारे आहे. पण पावसाळ्यात त्याचा काठ टाळा. घरातली कोरडी ओटी किंवा पडवी पुरते. उन्हाळ्यात सारवलेले खळे उत्तम. पहिले काही आठवडे एकच गोष्ट करा : भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्या, रिकामा पाय उचला, टेकवा. मग एक हालचाल, ती अंगवळणी पडू लागली की दुसरी, आणि मग दोन्ही आलटूनपालटून. कुणी शेजारी सोबत असेल तर उत्तम. दोघांपैकी एकाला तरी पुढचे पाऊल आठवते.

प्रगती किती हालचाली पाठ झाल्या यावरून मोजू नका. भिंतीचा आधार न घेता उभ्याने वहाण घालता येते का, पाखाडी उतरताना कठड्याकडे हात किती वेळा जातो, हे पाहा. क्रम अजून चुकत असेल, पण या दोन गोष्टी सुधारत असतील, तर तुम्ही ताई ची शिकत आहात.