जलपर्यटन आणि शहराचे इतिहासवाचन : मुंबई बंदरातील नौकासफरीचा दिंडोशीच्या संदर्भात विचार

सारांश

ऐतिहासिक शहर पाण्यावरून पाहणे ही जगभर रूढ झालेली पर्यटनपद्धती आहे. मुंबईत ती प्रामुख्याने गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून चालते. या सफरीत शहराचा समुद्राभिमुख दर्शनी भाग दिसतो, परंतु तो ज्या भूप्रदेशाच्या दगडावर, पाण्यावर आणि श्रमावर उभा राहिला तो साष्टीचा भूप्रदेश दिसत नाही. उपनगरातील महाविद्यालयांच्या अभ्याससहलींसाठी ही उणीव कशी भरून काढता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : जलपर्यटन, मुंबई बंदर, साष्टी, घारापुरी, मालाडचा दगड, अभ्याससहल

प्रस्तावना

गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरपायथ्याशी दिंडोशी वसलेली आहे. येथून गेटवे ऑफ इंडियाला जाणारा विद्यार्थी सर्वसाधारणपणे असे म्हणतो की, आपण ‘मुंबईला’ जात आहोत. या बोलण्यामागे इतिहास आहे. मालाड, गोरेगाव हा परिसर बृहन्मुंबईत समाविष्ट झाला तो १९५७ मध्ये. परंतु त्या बोलण्यातून आणखी एक समजूत व्यक्त होते, ती अशी की इतिहास तिकडे, बंदराकाठी आहे. आपल्या वस्तीला इतिहास नाही. नौकासफर ही समजूत दृढ करू शकते आणि मोडूही शकते. ती कोणत्या प्रकारे पाहिली जाते, यावर हे अवलंबून आहे.

पाण्यावरून शहर पाहण्याचे दोन प्रकार

ऐतिहासिक शहरांतील जलपर्यटनाचे स्थूलमानाने दोन प्रकार मानता येतात. पहिल्या प्रकारात नौका शहराच्या आत शिरते. व्हेनिस आणि ॲमस्टरडॅम ही याची ठळक उदाहरणे होत. ॲमस्टरडॅममधील सतराव्या शतकातील कालव्यांच्या वलयाला २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे कालवा हाच रस्ता असल्यामुळे घरे, वखारी, पूल हे सारे अगदी जवळून दिसते. व्हेनिसमध्ये मात्र पर्यटनाचाच भार इतका वाढला की, २०२१ मध्ये मोठ्या क्रूझ जहाजांना शहराच्या मध्यवर्ती जलमार्गावर बंदी घालावी लागली.

दुसऱ्या प्रकारात नौका शहराच्या बाहेरून, काठाकाठाने जाते. वाराणसीच्या घाटांची सलग रांग नावेतूनच पूर्णपणे नजरेत येते. कोलकात्यात हुगळीवरून जुने घाट आणि गोदामे दिसतात. मुंबई याच प्रकारात मोडते. येथे नौका शहरात शिरत नाही, समोर उभी राहते. त्यामुळे शहराने समुद्रमार्गे येणाऱ्या माणसाला दाखविण्यासाठी जो चेहरा घडविला, तोच प्रवाशाला दिसतो. चेहरा पाहणे उपयुक्त असले तरी ते पुरेसे नसते, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

सफरीचे स्वरूप

गेटवेच्या धक्क्यावरून तीन प्रकारच्या सफरी होतात. पहिली घारापुरीची. लाकडी बांधणीच्या दुमजली लाँच सुमारे दहा किलोमीटरचे हे अंतर साधारण तासाभरात कापतात. दुसरी बंदरातील छोटी फेरी. ती कोठेही न उतरविता प्रवाशांना परत आणते. तिसरी खासगी सफर. यात एखादा गट शिडाची बोट, यॉट किंवा लाँच केवळ स्वतःसाठी भाड्याने घेतो. या तिसऱ्या प्रकारात वेळ, मार्ग आणि वेग काही मर्यादेत ठरवून घेता येतो. बोट मध्येच थांबवून समोरचे दृश्य समजावून सांगता येते. शैक्षणिकदृष्ट्या हाच तिचा खरा लाभ होय. गटाने खर्च वाटून घेतल्यास ती केवळ श्रीमंतांची चैन राहत नाही.

बोट हाकणारा तांडेल आणि त्याचे खलाशी यांना भरती-ओहोटी, वारा, खडक आणि जहाजांचे मार्ग यांचे पिढीजात ज्ञान असते. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरातील भरती-ओहोटीमधला फरक पाच मीटरच्या जवळपास जातो. धक्क्याच्या पायऱ्या एका वेळी पाण्याखाली असतात आणि काही तासांनी शेवाळासह उघड्या पडतात. पावसाळ्यात ही वाहतूक अनेकदा बंद ठेवावी लागते आणि या व्यवसायावर पोट असणाऱ्यांच्या कमाईवर त्याचा परिणाम होतो. पर्यटनविषयक लेखनात या मंडळींचा उल्लेख क्वचितच आढळतो.

पाण्यावरून काय दिसते

बोट धक्क्यापासून दूर गेली की गेटवे ऑफ इंडिया आणि ताजमहाल हॉटेल एकाच चौकटीत येतात. यांपैकी हॉटेल आधीचे; ते १९०३ मध्ये सुरू झाले. गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली. त्यानंतर अपोलो बंदराकाठी भराव घालून समुद्रभिंत बांधण्यात आली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी वास्तूचे उद्घाटन झाले. १९११ मध्ये पंचम जॉर्ज व राणी मेरी यांचे आगमन झाले, तेव्हा ही कमान अस्तित्वातच नव्हती. स्वागतासाठी कल्पिलेल्या या दाराचे सर्वांत अर्थपूर्ण दृश्य मात्र निरोपाचे ठरले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून गेली.

उत्तरेकडे नौदलाची गोदी आहे. तेथे प्रवेश नाही आणि छायाचित्रणासही मनाई आहे. परंतु मुंबईच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण याच जागी घडले. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने येथे सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मधील ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेले आहे. त्यापलीकडे बॅलार्ड इस्टेट आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या मातीच्या भरावावर ही वसाहत उभी राहिली.

बोट पूर्वेकडे वळल्यावर दृश्य बदलते. तेलवाहू जहाजांचे जवाहर द्वीप, तुर्भ्याच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याचे अणुसंशोधन केंद्र, १९८९ पासून कार्यरत असलेले न्हावा-शेवा येथील बंदर आणि १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू ही सारी विसाव्या-एकविसाव्या शतकांतील मुंबई आहे. शेवटी घारापुरी येते. सहाव्या शतकाच्या आसपासची येथील शैव लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव ज्या दगडी हत्तीमुळे दिले, तो हत्ती आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. याच बेटावरील गावांना समुद्रतळाशी टाकलेल्या केबलद्वारे कायमस्वरूपी वीज मिळाली ती २०१८ मध्ये. रोज संध्याकाळी समोर झगमगणारे महानगर पाहणाऱ्या या गावांनी विजेसाठी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे वाट पाहिली, ही गोष्ट लेण्यांच्या माहितीइतकीच सांगण्याजोगी आहे.

पाण्यावरून काय दिसत नाही

गेटवेच्या भिंतींचा पिवळसर दगड सूर्यप्रकाशात खुलून दिसतो. तो दगड खारोडीचा होय, आणि खारोडी म्हणजे मालाडच्या पश्चिमेस, मार्वेच्या वाटेवरील गाव. गेटवेचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनीच रचलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट वापरला आहे. काळाघोड्याचे डेव्हिड ससून ग्रंथालय आणि फोर्टमधील बॉम्बे हाऊस यांचा दगडही मालाडचाच. पश्चिम किनाऱ्यावरील बॅकबे भरावासाठी कांदिवलीच्या टेकड्यांतील दगडमाती रेल्वेने नेण्यात आली. त्या भरावावर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती, ओव्हल मैदानापलीकडील गॉथिक इमारतींसह, २०१८ पासून जागतिक वारसा आहेत. ज्या टेकड्या त्यासाठी कापल्या गेल्या, त्यांची नोंद कोणत्याही वारसा यादीत नाही.

दगडाप्रमाणेच पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावरील विहिरी व तलाव अपुरे पडू लागले, तेव्हा साष्टीच्या डोंगरांत विहार तलाव बांधण्यात आला आणि १८६० पासून तेथून नळाचे पाणी शहरास मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी तलावाची त्यात भर पडली. दिंडोशीमागील डोंगररांगांतच हे दोन्ही तलाव आहेत. याचा अर्थ असा की, बंदराकाठी शहराचा जो चेहरा बोटीतून दिसतो, त्याचा दगड आणि त्याचे पाणी साष्टीने पुरविले.

मग साष्टीचा इतिहास मुंबईच्या कथनातून वगळला का जातो? याचे एक कारण राजकीय आहे. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी आणि मुंबई दोन्ही पोर्तुगीजांकडे गेल्या. १६६१ च्या विवाहकरारानुसार मुंबई बेट इंग्रजांना देण्यात आले आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ मध्ये ठाण्यासह ती मराठ्यांनी जिंकली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे जिंकले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे शतकाहून अधिक काळ माहीमची खाडी ही दोन सत्तांमधील सीमा होती. मुंबईचा इतिहास कंपनीच्या किल्ल्यापासून सांगण्याची प्रथा पडली, तेव्हा खाडीपलीकडचा प्रदेश आपोआप परका ठरला.

वस्तुतः प्राचीन इतिहासाच्या बाबतीत साष्टी बंदरकाठाहून कितीतरी समृद्ध आहे. कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे वापरात होती. तेथील शिलालेखांत कल्याण व सोपारा येथील दात्यांचे उल्लेख आहेत. हा सारा व्यापार खाड्यांतून चाले. जोगेश्वरीचे लेणे रचना आणि शैली या दोन्ही अंगांनी घारापुरीशी जवळचे नाते सांगते. दिंडोशीचा विद्यार्थी जे पाहण्यासाठी तासभर समुद्रप्रवास करतो, त्याचे आप्त लेणे त्याच्या घरापासून काही किलोमीटरवर, दाट वस्तीच्या वेढ्यात आहे.

सुरक्षितता आणि हक्क यांचा प्रश्न

१८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. सफरीचे आयोजन करणाऱ्या प्रत्येक संस्थेने या घटनेपासून बोध घेणे अगत्याचे आहे. बोटीची परवानगी असलेली प्रवासीसंख्या आधी विचारणे, बोट सुटण्यापूर्वी प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगावर चढविणे आणि तांडेलाच्या सूचनेवाचून कोणीही एका बाजूस गर्दी न करणे, हे नियम काटेकोरपणे पाळावेत.

गेटवेवरील गर्दी कमी करण्यासाठी रेडिओ क्लबजवळ नवा प्रवासी धक्का बांधण्याच्या योजनेस स्थानिक रहिवाशांनी न्यायालयात आव्हान दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये काही अटींसह योजनेस वाट मोकळी करून दिली. समुद्रकाठ कोणाचा, तेथे राहणाऱ्यांचा, प्रवाशांचा की त्यावर उपजीविका करणाऱ्यांचा, हा या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न नागरिकशास्त्राच्या वर्गातही चर्चेस घेण्याजोगा आहे.

अभ्याससहलीची मांडणी

वरील विवेचनाच्या आधारे दिंडोशी परिसरातील महाविद्यालयांसाठी तीन टप्प्यांची सहल सुचविता येईल.

१. पहिला टप्पा परिसराचा. जोगेश्वरी आणि कान्हेरी येथील लेणी, तसेच मालाडच्या दगडाच्या जुन्या खाणींच्या खुणा पाहाव्यात. भूगोल आणि इतिहास विभागांनी हा टप्पा संयुक्तपणे घ्यावा.

२. दुसरा टप्पा खाडीचा. मार्वे ते मनोरी ही काही मिनिटांची फेरीबोट पर्यटकांसाठी नसून रोजच्या प्रवाशांसाठी आहे. साष्टीच्या जलमार्गांचा वापर आजही जिवंत आहे, हे तेथे समजते. सवड असल्यास २०२४ मध्ये सुरू झालेल्या भाईंदर-वसई रो-रो सेवेने वसईच्या किल्ल्यापर्यंत जाता येते.

३. तिसरा टप्पा बंदरातील खासगी सफरीचा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, हे ध्यानात घेऊन दिवस निवडावा. पावसाळ्यानंतरचे, शक्यतो हिवाळ्यातील दिवस योग्य. मार्गावर दोन-तीन ठिकाणी बोट थांबवून विद्यार्थ्यांनीच निवेदन करावे. तांडेलाशी संवादासाठी वेळ राखून ठेवावा.

टप्प्यांचा हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी खाण पाहिलेला विद्यार्थी गेटवेकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

समारोप

जलपर्यटनामुळे शहर एकसंध दिसते. हे त्याचे बलस्थान आहे आणि मर्यादाही. पाण्यावरून दिसणारी मुंबई ही शहराने निवडून मांडलेली बाजू आहे; तिच्यामागील साष्टीचे डोंगर, तलाव, खाणी आणि खाड्या यांची जोड दिल्याशिवाय तिचा अर्थ पूर्ण होत नाही. ही जोड देण्याचे काम तिकीट विकणाऱ्या व्यवस्थेकडून अपेक्षिता येत नाही, ते अध्यापकाचे आहे. ते झाल्यास दिंडोशीचा विद्यार्थी गेटवेसमोर बोटीत उभा राहून त्या पिवळसर कमानीकडे बोट दाखवील आणि म्हणेल की, हा दगड आमच्याकडचा आहे.