पाणबुडी वर येते कशी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

केनवडच्या एका मुलानं मला वर्गात विचारलं होतं, "सर, दोन ड्रम जोडले तं पाणबुडी होते का? तळ्यात चालवाची हाये." बाकीची मुलं हसली. मी मात्र खडू घेतला आणि फळ्यावर हिशेब मांडला. तोच आज तुमच्यापुढं मांडतो.

डिझेलचा ड्रम २०० लिटरचा. दोन म्हणजे ४०० लिटर. ते पाण्याखाली गेले की ४०० लिटर पाणी बाजूला सरतं, आणि तेवढ्याच, म्हणजे ४०० किलोच्या जोरानं पाणी त्यांना वर ढकलतं. ड्रमचं वजन धरा चाळीस किलो, मुलाचं चाळीस. म्हणजे आणखी ३२० किलो दगड किंवा शिसं बांधल्याशिवाय ही पाणबुडी बुडणारच नाही! खऱ्या पाणबुडीत यासाठी टाक्या असतात. त्यांत पाणी घेतलं की ती खाली जाते. दाबून साठवलेली हवा सोडून ते पाणी बाहेर हुसकलं की वर येते.

आता समजा, हवा संपली किंवा झडप अडकली. झाकण उघडून बाहेर पडू, असं मुलाचं उत्तर होतं. ड्रमच्या तोंडाचा व्यास सुमारे ५७ सेंटीमीटर. तीन मीटर खोलीवर त्यावर साडेसातशे किलोचा भार येतो. एकट्या मुलाला ते आतून लोटता येणार नाही. शिवाय चपटा पत्रा असा भार सोसत नाही, आत दबतो. म्हणून पाणबुडी नळकांड्यासारखी आणि टोकांना घुमटासारखी गोल असते.

श्वासाचंही तसंच. ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड नडतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. बंद ड्रममध्ये एक मुलगा तासभर बसला, तर तो तीन-चार टक्क्यांवर जातो. डोकं दुखतं, धाप लागते आणि नेमका विचार सुचेनासा होतो. तो शोषून घ्यायला सोडा-लाइमसारखं रसायन ठेवावं लागतं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ साली, डेव्हिड बुशनेल यांची 'टर्टल' ही एकट्या माणसानं हातानं चालवायची लाकडी पाणबुडी वापरली गेली. आतली हवा जेमतेम अर्धा तास पुरायची. पण तिच्या तळाशी २०० पौंड शिसं असं बसवलं होतं, की आतूनच ते सोडून देता यावं. वजन गेलं की पाणबुडी आपोआप वर! आपल्या मुंबईत माझगाव गोदीत बांधलेली 'शाल्की' १९९२ साली नौदलात आली. जर्मन आराखड्याच्या या पाणबुडीत एक मोठा गोल आहे. संकटात सगळे खलाशी त्यात बसून पाणबुडीपासून सुटे होऊन वर येऊ शकतात. दोन शतकांचं अंतर असलेल्या या दोघींत मला हीच गोष्ट सारखी दिसते. उलट, जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेल्या 'टायटन'चं कवचच दाबाखाली चिरडलं. पाच जण गेले. आपलं तळं तेवढं खोल नाही खरं, पण बुडून मरायला पुरुषभर पाणीही पुरतं.

आणि चालवायची कुठं? केनवडहून लोणार जवळ आहे, पण ते अभयारण्य. शिवाय पाणी काही मीटरच खोल. आपल्याकडच्या तलावांत काळ्या मातीचा गाळ. पावसाळ्यात खिडकीला नाक लावलं, तरी चहाच दिसायचा!

"मंग आपण आत नाही बसलो तं?" मुलानं विचारलं. त्यानंतर प्लास्टिकची बाटली, खिळे, सलाइनची नळी आणि मोठी सिरिंज जमवून त्यानं शाळेच्या हौदात प्रयोग सुरू केले. नळीतून हवा ओढली की बाटलीत पाणी शिरायचं, हवा ढकलली की बाहेर पडायचं. पहिल्या दिवशी बाटली बुडाली नाही. दुसऱ्या दिवशी बुडाली, ती वर येईना. आठवडाभर तो खिळे एकेक करून कमी करत होता.