धर्मसंघांच्या आध्यात्मिकतेत व कार्यात प्रापंचिकांचा सहभाग : स्वरूप, इतिहास आणि मर्यादा

प्रस्तावना

कॅथलिक धर्मसंघांनी स्थापन केलेल्या महाविद्यालयांत आज अध्यापन करणारे बहुसंख्य प्राध्यापक व्रतस्थ नाहीत. संस्थेच्या माहितीपत्रकात संस्थापक संताचे नाव, बोधवाक्य व ध्येय छापलेले असते. ते ध्येय दैनंदिन व्यवहारात उतरविण्याचे काम मात्र गृहस्थाश्रमी स्त्री-पुरुष करीत असतात. साहजिकच असा प्रश्न उद्भवतो की, हे ध्येय कोणाचे? व्रते घेतलेल्या मोजक्या व्यक्तींचे, की ते प्रत्यक्षात आणणाऱ्या सर्वांचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक व वैचारिक अंगांनी विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

संज्ञांचा अर्थ

दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांनी बद्ध होऊन सामूहिक जीवन जगणाऱ्यांच्या समुदायास ‘धर्मसंघ’ म्हटले जाते. ज्यांनी ही व्रते स्वीकारलेली नाहीत व ज्यांना गुरुदीक्षाही झालेली नाही, अशा स्नानसंस्कारित ख्रिस्ती व्यक्तींना मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘प्रापंचिक’ म्हणतात. प्रत्येक धर्मसंघाच्या मुळाशी संस्थापकाला लाभलेली एक विशिष्ट दृष्टी असते. कोणास ती आजाऱ्यांच्या सेवेत, कोणास शिक्षणात, तर कोणास दारिद्र्याच्या स्वीकारात सापडली. या दृष्टीस येथे ‘कृपादान’ असे म्हटले आहे. कृपादान ही व्रतांची मालमत्ता आहे, की व्रते हा ते जगण्याचा अनेकांपैकी एक मार्ग आहे, हाच प्रस्तुत विषयातील कळीचा मुद्दा होय.

प्रपंच व परमार्थ यांचा मेळ मराठी वाचकास अपरिचित नाही. संत एकनाथांनी गृहस्थाश्रमात राहूनच परमार्थ साधला. येथील प्रश्न थोडा वेगळा आहे. प्रापंचिकाने स्वतंत्रपणे परमार्थ साधावा की नाही, एवढ्यापुरता तो मर्यादित नाही. व्रतस्थांच्या एखाद्या विशिष्ट परंपरेचा तो वारस होऊ शकतो काय, असा तो आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

असिसीच्या संत फ्रान्सिसभोवती तेराव्या शतकाच्या प्रारंभी असे अनेक विवाहित स्त्री-पुरुष जमले, ज्यांना घरदार सोडणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी १२२१ मध्ये जीवनक्रमाची रूपरेषा तयार झाली आणि १२८९ मध्ये पोप चौथे निकोलस यांनी नियमावलीस मान्यता दिली. पुरुषांचा पहिला, मठवासी भगिनींचा दुसरा आणि प्रापंचिकांचा तिसरा, या क्रमामुळे त्यास ‘तृतीय संघ’ असे नाव पडले. डॉमिनिकन परंपरेतही असाच वर्ग निर्माण झाला. सिएनाच्या संत कॅथरीन (१३४७–१३८०) याच वर्गातील होत्या. त्या मठवासी नव्हत्या. तरीही १९७० मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना ‘धर्माचार्य’ ही पदवी दिली.

‘तृतीय’ या शब्दातून क्रमाबरोबर दर्जाही सूचित होत गेला. प्रत्यक्ष इतिहासात मात्र काही ठिकाणी प्रापंचिकच आधी आलेले दिसतात. संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १६१७ मध्ये फ्रान्समधील शातियों या गावी एका आजारी कुटुंबाविषयी त्यांनी प्रवचनात आवाहन केले, तेव्हा गावकऱ्यांनी एकाच दिवशी इतके अन्न नेले की ते वाया जाण्याची वेळ आली. लोकांत दया आहे, परंतु तिला व्यवस्था नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी गावातील स्त्रियांचे मंडळ स्थापून आजाऱ्यांना पाळीपाळीने अन्न व शुश्रूषा पुरविण्याचा क्रम लावून दिला. धर्मगुरूंचा संघ त्यानंतर १६२५ मध्ये आणि लुईझ द मारिलाक या विधवा मातेच्या सहकार्याने ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा भगिनींचा समुदाय १६३३ मध्ये स्थापन झाला. येथे संघाने प्रापंचिकांना आपल्या कार्यात घेतले असे म्हणण्यापेक्षा, प्रापंचिकांच्या कार्यातून संघ उदयास आले असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. पुढे १८३३ मध्ये पॅरिसमधील विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी ‘सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट डी पॉल’ स्थापन केली, तेव्हा गरिबांच्या घरी कसे जावे, याचे मार्गदर्शन रोझाली रांदू या भगिनीने त्यांना केले. म्हणजेच देवाणघेवाण दुतर्फा राहिली.

येशूसंघाच्या बाबतीतही हेच आढळते. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाचा गाभा १५२२–२३ मध्ये मान्रेसा येथे आकारास आला. त्या वेळी ते स्वतः प्रापंचिक होते. त्यांची गुरुदीक्षा १५३७ मध्ये झाली आणि येशूसंघास १५४० मध्ये मान्यता मिळाली. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या सूचनेत सार्वजनिक कामांत व्यग्र असलेल्या व्यक्तीने एकांतवासात न जाता रोज सुमारे दीड तास देऊन ही साधना करावी, अशी तरतूद आहे. नोकरी व संसार सांभाळणाऱ्या माणसाचा विचार मूळ रचनेतच होता, हे यावरून स्पष्ट होते.

गोव्यातील एक उदाहरण येथे उल्लेखनीय वाटते. पोर्तुगालमधील १८३४ च्या फर्मानानंतर गोव्यातील पुरुष धर्मसंघांचे मठ रिकामे झाले. परंतु फ्रान्सिस्कन तृतीय संघाच्या परंपरेतून आलेली गोवा वेल्हा येथील संतांची मिरवणूक, मध्यंतरी खंड पडूनही, उपवासकाळातील पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी आजही निघते. मठ ओस पडले तरी परंपरा लोकांच्या खांद्यावर टिकू शकते.

व्हॅटिकन परिषदेनंतर

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) या प्रश्नास नवा पाया दिला. ख्रिस्तसभेविषयीच्या १९६४ च्या दस्तऐवजात पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, असे प्रतिपादन करण्यात आले. त्यामुळे व्रतस्थ जीवन ही वरची पायरी व प्रापंचिक जीवन ही खालची, या समजुतीस धक्का बसला. १९७८ मध्ये प्रापंचिक फ्रान्सिस्कनांना नवी नियमावली मिळाली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ६७७ व्या कलमाने धर्मसंघांशी जोडलेल्या प्रापंचिक मंडळांना आपल्या परंपरेचा खरा भाव देण्याची जबाबदारी त्या त्या संघावर सोपविली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ च्या ‘व्हिता कॉन्सेक्राता’ या पत्रात आणखी पुढे जाऊन असे नमूद केले की, प्रापंचिकांच्या सहभागामुळे कृपादानाचे अनपेक्षित पैलू खुद्द संघासच उमगू शकतात. येशूसंघाच्या १९९५ व २००८ च्या महासभांनी सहकार्यावर स्वतंत्र ठराव केले. त्यांतील २००८ च्या ठरावात अन्य धर्मीय सहकाऱ्यांचाही विचार आहे.

सहभागाच्या तीन पातळ्या

वरील विवेचनावरून सहभागाच्या तीन पातळ्या संभवतात. पहिली कार्याची : नेमून दिलेले काम निष्ठेने करणे. दुसरी आध्यात्मिकतेची : त्या कामामागील दृष्टी समजून घेऊन ती आपल्या जीवनात मुरविणे. तिसरी उत्तरदायित्वाची : संस्थेची दिशा ठरविण्यात वाटा असणे. अनेक संस्थांत पहिली पातळी गृहीत धरली जाते, दुसरी वार्षिक व्याख्यानापुरती उरते आणि तिसरी अपवादानेच आढळते.

तरीही बदल घडत आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाची स्थापना येशूसंघाने १८६९ मध्ये केली. तेथे २०१५ मध्ये डॉ. अॅग्नेलो मेनेझिस हे प्रापंचिक प्राध्यापक आणि २०१८ मध्ये डॉ. राजेंद्र शिंदे हे ख्रिस्ती नसलेले प्राध्यापक प्राचार्य झाले. अन्य धर्मीय सहकाऱ्याचा सहभाग स्नानसंस्कारावर आधारलेला नसतो. त्याच्याकडून श्रद्धेची अपेक्षा करणे अनुचित होय. परंतु विवेकशील चिंतन, दुर्बलांविषयी कळकळ व ज्ञाननिष्ठा ही मूल्ये तो आपल्या परंपरेच्या बळावर तितक्याच समर्थपणे जपू शकतो.

अडचणी व मर्यादा

या प्रक्रियेत तीन धोके संभवतात. व्रतस्थांची संख्या घटल्याने रिक्त जागा भरण्याची सोय म्हणून प्रापंचिकांकडे पाहिले गेल्यास सहभागाचा अर्थच हरवतो. दुसरे, ‘ध्येय’ व ‘सेवाभाव’ या शब्दांचा आधार घेऊन वेतन, कामाचे तास व सेवाशर्ती यांबाबत तडजोड मागितली जाऊ शकते. व्रतस्थाचा निर्वाह संघ करतो. प्रापंचिकास मात्र घर चालवायचे असते. न्याय्य वेतन हा सहभागाचा प्रारंभ आहे. ते नाकारून आध्यात्मिकता देता येत नाही. तिसरे, प्रापंचिकाने व्रतस्थांचे अनुकरण करावे अशी अपेक्षा निर्माण होते. वस्तुतः संसार, मुलांचे संगोपन व नागरी जीवन हीच त्याची साधनाभूमी असते. उलटपक्षी, संघाचे अंतर्गत सामूहिक जीवन व शिस्त यांचे स्वतंत्र स्थान राखले जावे, ही ‘व्हिता कॉन्सेक्राता’मधील सूचनाही रास्त आहे.

समारोप

शातियोंच्या स्त्रिया, मान्रेसाचे इग्नेशियस व पॅरिसचे विद्यार्थी यांपैकी कोणीही त्या क्षणी व्रतस्थ नव्हते. धर्मसंघांनी प्रापंचिकांना सहभागी करून घेणे हे औदार्य नसून आपल्याच उगमाचे स्मरण आहे, असा निष्कर्ष यावरून काढता येतो. हे स्मरण ठरावांच्या भाषेत पुरेसे झाले आहे. ते खरे ठरायचे असेल तर नव्या अध्यापकास संस्थापकाच्या दृष्टीचा गंभीर परिचय, त्याच्या श्रमास न्याय्य मोल आणि निर्णयप्रक्रियेत त्याला स्थान या तिन्ही गोष्टी एकत्र द्याव्या लागतील. यांपैकी एक जरी वगळली, तरी माहितीपत्रकातील ध्येय छापील अक्षरांपुरते उरेल.