जिताड्याच्या तळ्यात माजणारे शेवाळ

रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण व उरण या तालुक्यांच्या खारेपाटात भाताच्या खाचराला लागून किंवा घराच्या परसात लहानसे तळे असणे ही जुनी गोष्ट आहे. पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर येणारी जिताड्याची पिले धरून ती तळ्यात सोडावयाची आणि लहान मासळी घालून दोन-तीन वर्षे वाढवावयाची, ही येथील रीत होय. जिताडा खाडीच्या मुखाशी जन्मतो. परंतु गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत तो तग धरतो. पावसाळ्यात तळ्याचे पाणी बहुतांशी गोडे असते. पुढे ते आटू लागते, भोवतालच्या मातीतील क्षार त्यात उतरतात, आणि चैत्र-वैशाखात पाणी मचूळ, उथळ व ऊन होते. याच दिवसांत शेवाळ माजते.

असे एक तळे प्रस्तुत लेखकाच्या चांगलेच स्मरणात आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात एका वयस्क शेतकऱ्याने बांधावर थांबवून विचारले, “साहेब, पाणी फार हिरवे झाले आहे, काही करावयास हवे काय?” लेखकाने वरवर पाहिले आणि उत्तर दिले, “काका, हिरवे पाणी म्हणजे जिवंत पाणी. काळजी नको.” आठ दिवसांनी पाण्यावर शेवाळाचे थर तरंगू लागले. काकांनी मग स्वतःच उपाय केला. सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद घरात होते. ते पाण्यात कालवून दुपारी तळ्यात सोडले. दुसऱ्या दिवशी शेवाळ पिवळे पडून तळाशी बसले व पाणी निवळल्यासारखे दिसले. तिसऱ्या दिवशी पहाटे तीन वर्षे वाढविलेले जिताडे पोट वर करून काठाला लागले होते. काकांनी कोणास दोष दिला नाही. परंतु त्या दिवशी वेळेवर चार गोष्टी सांगितल्या असत्या तर हे नुकसान टळले असते, ही जाणीव लेखकास आजही आहे. त्या चार गोष्टी सांगण्यासाठीच हा लेख.

शेवाळ कशावर वाढते?

शेवाळाला ऊन, नत्र व स्फुरद लागते. ऊन आपल्या हाती नाही. नत्र व स्फुरद मात्र बहुतांशी आपणच तळ्यात टाकीत असतो. ताज्या मासळीत साधारणपणे १८ ते २० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते. म्हणजे एक किलो मासळीबरोबर जवळजवळ ३० ग्रॅम नत्र तळ्यात जाते. दोन गुंठ्यांच्या तळ्यात रोज पाच किलो मासळी घातली तर १५० ग्रॅम नत्र झाले. त्यातील चौथा ते तिसरा हिस्सा माशांच्या अंगी लागतो. उरलेले निदान १०० ग्रॅम पाण्यात व गाळात राहते. महिन्याकाठी हे तीन किलो नत्र होते, म्हणजेच साडेसहा किलो युरिया तळ्यात टाकल्यासारखे झाले. भाताला हेक्टरी १०० किलो नत्र दिले तर दोन गुंठ्यांस सबंध हंगामात दोनच किलो पुरते. भातापेक्षा तळ्याला आपण किती अधिक खत देतो, हे यावरून ध्यानात यावे. माशांनी न खाल्लेली मासळी कुजू लागली म्हणजे हा आकडा आणखी वाढतो.

शहरांतून काही हौशी लोक घरात काचेच्या पेटीत समुद्राचे पाणी भरून मासे पाळतात. तेथेही काचेवर व दगडांवर शेवाळ चढते. पेटी असो वा तळे, नियम एकच: जेवढे अन्न उरले, तेवढे शेवाळ वाढले.

मासे पहाटे का मरतात?

दिवसा सूर्यप्रकाशात शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ पाण्यातील प्राणवायू घेते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असतो. त्यातून खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. ३० अंश सेल्सिअस तापमानास एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात तो सव्वासहा मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. म्हणून उन्हाळ्यातील मचूळ पाण्यात हा साठा लवकर संपतो. आभाळ भरून आले व ऊन पडले नाही तर दिवसाची भरपाईही होत नाही.

आता सर्व शेवाळ एकदम मारले तर काय होईल? प्राणवायू देणारे गेले, आणि त्याचे कुजणारे ढीग उरलासुरला प्राणवायू शोषून घेऊ लागले. शिवाय मोरचूद हे माशांना विषारी असून कोळंबीसारख्या जीवांना विशेष घातक आहे. काकांच्या तळ्यात हे दोन्ही अपाय एकत्र आले. शेतात तण दिसले की तणनाशक मारावयाचे, ही सवय तळ्याच्या बाबतीत बाजूस ठेवावयास पाहिजे. तळ्यातील शेवाळ मारावयाचे नसून काढावयाचे असते.

शेवाळाचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे पाणीच हिरवे दिसणे. हे डोळ्यांना न दिसणारे तरंगते शेवाळ होय. ते बेताचे असल्यास हितकारक असते, कारण त्याच्या सावलीमुळे तळाशी दुसरे शेवाळ धरत नाही. दुसरा प्रकार दोऱ्यासारख्या शेवाळाचा. ते उथळ व निवळ पाण्यात तळाशी रुजते आणि दुपारी त्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकले म्हणजे थराथराने वर येते. तिसरा प्रकार नील-हरित शेवाळाचा. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखी साय येते व तिला उग्र वास असतो. भातखाचरात हवेतील नत्र धरून ठेवणारे जे शेवाळ आपण खत म्हणून वापरतो, त्याच वर्गातील हे होय. या वर्गातील काही जाती विषारी असतात; म्हणून असे पाणी गुरांना पाजू नये. यांतील काही जाती हवेतूनही नत्र घेतात, यास्तव तळ्यात स्फुरद साचू न देणे अधिक महत्त्वाचे ठरते. शेतातील खतमिश्रित पाणी व गोठ्याची धुवण तळ्यात उतरू नये म्हणून काठाचा बांध उंच ठेवावा.

थाळीची परीक्षा

पाणी किती हिरवे असावे हे नजरेने ठरवू नये. वीतभर रुंदीची पत्र्याची गोल थाळी घेऊन तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवावेत आणि ती खुणा केलेल्या काठीला जोडावी. सकाळी दहाच्या सुमारास ती पाण्यात सरळ खाली सोडावी. ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर थाळी दिसेनाशी झाली तर पाणी ठीक आहे. २० सेंटिमीटरच्या आतच ती दिसेनाशी झाली तर धोका जवळ आला असे समजावे. ६० सेंटिमीटरच्या खालीही दिसत राहिली तर ऊन तळाशी पोहोचून दोऱ्याचे शेवाळ धरण्याचा संभव असतो. थाळी दिसेनाशी होण्याचे कारण गाळ नसून शेवाळच आहे, याची मात्र ओंजळीत पाणी घेऊन खात्री करावी.

काय करावे?

१. थाळी वर सरकू लागताच मासळी घालणे निम्म्यावर आणावे. धोक्याच्या खुणेवर ते बंद ठेवावे. थोडे दिवस उपाशी राहिल्याने जिताडा मरत नाही. एरवीही अर्ध्या तासात संपेल एवढेच खाद्य घालावे व उरलेले काढून टाकावे.

२. तरंगणारे शेवाळ दुपारी, वाऱ्याने ते ज्या कोपऱ्यात लोटले असेल तेथून, जुन्या जाळ्याने किंवा दाताळ्याने ओढून काढावे. एका दिवसात तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक काढू नये व तळाचा गाळ ढवळू नये. काढलेले शेवाळ काठावर ठेवल्यास पहिल्या पावसात ते पुन्हा तळ्यात उतरते. म्हणून दूर न्यावे. त्यात क्षार असल्याने भाजीपाल्यास न घालता नारळाच्या आळ्यात घालावे.

३. उधाणाच्या भरतीस खाडीचे पाणी बारीक जाळीतून, पंपाने व नळाने घ्यावे. आधी तळाकडील पाणी काढून, एका वेळी पाव हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये. खारटपणात एकदम फरक पडल्यास माशांना ताण येतो. उघाडी उघडी टाकून पाणी शेतावरून आणणे सर्वथा टाळावे. तळे वाचविण्यासाठी खाचर खारवणे हा शहाणपणा नव्हे.

४. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागल्यास तळ्याचेच पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत पाडावे आणि ऊन वर येईपर्यंत हे चालू ठेवावे. आदल्या दिवशी आभाळ असेल तर मध्यरात्रीनंतर एकदा उठून तळे पाहावे.

५. मासे काढल्यावर तळे आटवून, तळाला भेगा पडेपर्यंत वाळवावे, काळा गाळ उपसावा, मातीची परीक्षा करून गरजेपुरता चुना द्यावा आणि सर्वत्र निदान एक ते दीड मीटर पाणी राहील अशी खोली ठेवावी.

काळुंदर हा मासा दोऱ्याचे शेवाळ खातो आणि बोय मासाही शेवाळावर व कुजक्या अंशावर जगतो. ते तळ्यात सोडावयाचे असल्यास जिताड्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे असावेत. नाहीतर ती जिताड्याची मेजवानीच ठरेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती अशी की, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आपल्या गावातील प्रत्येक तळ्यावर आठवड्यातून एकदा थाळी सोडून पाहावी आणि आकडा शेतकऱ्याच्याच वहीत लिहून द्यावा. काकांनी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पिले सोडली. त्यांच्या ओसरीवर आता काळी-पांढरी थाळी टांगलेली असते, आणि कोणी पाणी कसे आहे असे विचारल्यास ते हिरवे किंवा निवळ असे न सांगता सेंटिमीटर सांगतात.