शिडी आणि सरकता जिना

गेल्या महिन्यात एक पालक माझ्याकडे आले, ते काहीसे घाबरलेलेच. त्यांनी एका कार्यालयाकडे तक्रार नोंदविली होती आणि भ्रमणध्वनीवर उत्तर आले होते : तुमचे प्रकरण ‘एस्कलेट’ करण्यात आले आहे. “सर, त्यांनी भांडण वाढवलं की काय?” असा त्यांचा प्रश्न. गृहस्थ इंग्रजी वृत्तपत्रे वाचणारे. देशादेशांतील तंट्यांच्या बातम्यांतच हा शब्द त्यांना भेटलेला. तक्रार वरिष्ठांकडे गेली, एवढाच येथे अर्थ, असे सांगून मी त्यांची समजूत घातली. परंतु शब्द माझ्या मनातून जाईना.

याचे मूळ लॅटिन ‘स्काला’, म्हणजे शिडी. तटाला शिड्या लावून किल्ल्यावर चढून जाणे यास फ्रेंचांनी ‘एस्कलाद’ म्हटले. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले, ते काम याच जातीचे. आजचे क्रियापद मात्र या शिडीवरून थेट आलेले नाही. मध्ये एक यंत्र आहे. चार्ल्स सीबर्गर या अमेरिकनाने सरकत्या जिन्याला ‘एस्कलेटर’ हे नाव दिले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीने तो जिना जगापुढे मांडला. ते नाव पुढे इतके सर्वतोमुखी झाले की, १९५० साली अमेरिकेत कंपनीचा त्यावरील मालकी हक्कच रद्द झाला.

क्रियापदापासून नाम घडणे ही भाषेची नेहमीची रीत. येथे उलट झाले. नामाचे शेपूट छाटून क्रियापद निघाले. प्रारंभी त्याचा अर्थ सरकत्या जिन्याने वर जाणे, इतकाच निरुपद्रवी होता. १९५० नंतरच्या दशकाअखेरीस अण्वस्त्रांची चर्चा करणाऱ्यांनी लहान युद्धातून मोठे युद्ध उद्भवण्यासाठी तो योजिला. व्हिएतनाम युद्धाने तो घरोघर पोचविला. १९६४ अखेर तेथे सुमारे २३ हजार अमेरिकन सैनिक होते. १९६८ मध्ये ते ५ लाखांवर गेले.

याच अर्थासाठी मराठीने दृष्टान्त घेतले ते घरातले आणि शेतातले. जखम चिघळते तसा वाद चिघळतो. आग भडकते तसे भांडण भडकते. धान्याच्या मापावर शीग चढते, तशी उत्सुकता शिगेला पोचते. इंग्रजीने घेतले यंत्र, आणि त्यात एक धोका आहे. सरकत्या जिन्यावर माणूस नुसता उभा असतो. वर नेतो तो जिना. ‘परिस्थिती एस्कलेट झाली’ असे म्हटले की ती कोणी केली, हे विचारायचेच राहून जाते. १९६५ साली हर्मन कान यांनी आपल्या ग्रंथात युद्धाच्या वाढीची ४४ पायऱ्यांची शिडी मांडली. विषय भयंकर खरा, पण शिडीची उपमा अधिक प्रामाणिक. शिडीवर प्रत्येक पाऊल आपणच उचलतो. मध्येच थांबता येते, खाली उतरताही येते.

शाळेत दोन मुले मारामारी करून समोर उभी राहतात आणि म्हणतात, “सर, भांडण वाढत गेलं.” मी त्यांना शिक्षेआधी एकच काम देतो : वाढत गेलं म्हणू नका, कोणती पायरी कोण चढला, ते क्रमाने लिहा. अर्धे पान भरेपर्यंत दोघेही बहुधा खाली उतरलेले असतात.